दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तिसरीचा वर्ग

अगं, शाळा उघडली म्हणून पहिल्याच दिवशी नवा धडा काढू नकोस. तिसरीची पोरं हातच्याची वजाबाकी हमखास विसरून येतात. ५२ मधून २७ वजा करायला दे. बरीचजण ३५ लिहितील. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती सरळ ७ मधून २ काढतात. (ओरडून उपयोग नाही, मी करून पाहिलंय.) काड्यांचे गठ्ठे दे आणि दहाचा एक गठ्ठा त्यांनाच सोडू दे. एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ तर होणारच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आलेलं ‘पन्नास नऊ’ही सोबत म्हणून घे. वाचनासाठी त्यांनी केलेल्या किल्ल्यांबद्दल विचार, सांगतील ती चार वाक्यं फळ्यावर लिही, तीच वाचून घे. चाचणी पुढच्या आठवड्यात.