आधी छाटणी, मग तालीम

नाशकात हौशी नाटक करायचंय ना? मग आधी द्राक्षबागेचं वेळापत्रक पाठ कर. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, लागली की निफाड-दिंडोरीकडचे निम्मे नट गायब, आणि राज्य नाट्य स्पर्धा तर तोंडावर! आमचा नायक हातावर कात्रीचे फोड घेऊन रात्री नऊला यायचा. त्याच्यावर चिडू नकोस, तालमीत त्याचे प्रवेश शेवटी लाव.

कुसुमाग्रज-कानेटकरांचं गाव म्हणून लगेच मोठी स्वगतं मागू नकोस. पहिलं वर्ष पडद्यामागे काढ.

वाईनरीच्या उघड्या रंगमंचावर प्रयोग मिळाला, तर वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नकोस. गंगापूर धरणाकडचा वारा तो आधीच पळवतो. आणि प्रॉपर्टीतला, म्हणजे नाटकाच्या सामानातला, पेला सरबताचाच ठेव बाबा.