नॅनोकॅरिअरला ‘सूक्ष्मवाहक’ आणि फ्लेवोनॉइडला ‘पीतद्रव्य’ म्हणावे का?

प्रश्न नांदेडच्या एका विद्यार्थिनीचा आहे. वनस्पतींतील फ्लेवोनॉइडे (एका कुळातली रासायनिक द्रव्ये) नॅनोकॅरिअरमध्ये, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिशय बारीक कणांत, भरून कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचवण्याच्या संशोधनावर तिला मराठीत पोस्टर करायचे आहे. वरचे दोन प्रतिशब्द चालतील का?

माझे मत : दोन्ही टाळा.

‘पीतद्रव्य’ मूळ अर्थाला धरून आहे, कारण लॅटिनमध्ये फ्लाव्हुस म्हणजे पिवळा. पण मराठवाड्यातला वाचक पिवळे म्हटले की वसमतची हळद डोळ्यांपुढे आणणार, आणि हळदीतले करक्युमिन फ्लेवोनॉइड नाहीच. फ्लेवोनॉइडाच्या सांगाड्यात १५ कार्बन असतात : दोन कडी (वलये) आणि त्यांना जोडणारे ३ कार्बन. करक्युमिनमध्ये दोन कड्यांमधली साखळी ७ कार्बनांची असते. उलट जालन्याच्या मोसंबीच्या सालीखालचा पांढरा गर हेस्पेरिडिनने भरलेला, आणि ते पक्के फ्लेवोनॉइड. जांभळाचा जांभळा रंगही याच कुळातला. म्हणजे शब्द दोन्हीकडून फसवतो. ‘फ्लेवोनॉइड’च ठेवा, नपुंसकलिंगी चालवा : ते फ्लेवोनॉइड, ती फ्लेवोनॉइडे, फ्लेवोनॉइडाचा.

नॅनो म्हणजे अब्जावा भाग, म्हणून ‘अब्जांश’. ‘सूक्ष्म’ आपल्याकडे मायक्रोसाठी वापरतात आणि मायक्रो नॅनोच्या हजारपट असतो. इथे हा फरक फार महत्त्वाचा आहे. औषधवाहक कण बहुधा ५० ते २०० नॅनोमीटरचे असतात. केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, ५ ते १० मायक्रोमीटर रुंद. शिरेतून दिलेले कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे झाले, तर ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. नुसते ‘वाहक’ लिहिले की रोगवाहक मनात येतो, म्हणून आधी एकदा ‘अब्जांश औषधवाहक’ लिहा, पुढे ‘वाहक’ पुरे.

क्रियापदे मात्र नीट निवडा, खरा घोटाळा तिथेच होतो. औषध वाहकात ‘भरतात’, गाठीजवळ ते ‘सुटते’, आणि वाटेतच बाहेर पडले तर ‘गळते’. सुटणे हवे असते, गळणे नको; दोन्हींसाठी ‘बाहेर पडणे’ लिहिले तर प्रयोग जमला की फसला तेच कळत नाही. ‘पोकळीत भरले’ हेही जपून वापरा. कांद्यातले क्वेर्सेटिन हे फ्लेवोनॉइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; म्हणून लायपोसोममध्ये (आत पाणी आणि भोवती स्निग्ध पदर असलेल्या बारीक पिशवीत) ते आतल्या पाण्यात न राहता भोवतीच्या स्निग्ध पदरात बसते. त्या पदरात मावेल त्याहून जास्त घातले, तर स्फटिक होऊन तळाशी साचते. तेव्हा ‘स्निग्ध पदरात बसवले’ असे लिहा.

‘कर्करोगावर औषध सापडले’ हे वाक्य पोस्टरवर नकोच. प्रयोग ज्यावर झाला ते नाव घ्या : ‘प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींची वाढ मंदावली’, किंवा ‘उंदरांमधील गाठ लहान झाली’. गावाकडचा एखादा रुग्ण ते पोस्टर वाचून चालू उपचार सोडून कांद्याच्या सालीचा काढा घेऊ लागेल, एवढा धोका त्या एका वाक्यात आहे.