डावीकडे वळायला डावं हँडल पुढे ढकलायचं, हे खरंच आहे

तुमचा प्रश्न असा आहे: १५० सीसीची गाडी सप्तशृंगी गडाच्या घाटात वळणावर बाहेर बाहेर जाते, मित्र म्हणतो "डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे दाब", आणि तो तुमची चेष्टा करतोय की काय असं तुम्हाला वाटतंय. तो चेष्टा करत नाहीये. नाशिकला पंचवटीत माझं दुचाकीचं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. आता ती काठी घेऊन डावीकडे चालत जायचंय असं समजा. हात सरळ डावीकडे नेलात तर काठी उजवीकडे पडणार. म्हणून हात आधी किंचित उजवीकडे जातो, काठी डावीकडे कलते, आणि मग हात तिला सावरत डावीकडे धावतो. गाडीचंही तसंच. टायर म्हणजे तळहात, आणि इंजिन, टाकी, तुम्ही मिळून काठी. उभ्या गाडीत हा तळहात बाजूला सरकू शकत नाही, म्हणून पाय टेकावा लागतो. गाडी चालू लागली की हँडल जरासं हलवून चाकं अंगाखालून डावी-उजवीकडे नेता येतात.

डावी मूठ पुढे ढकलली की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे बघतं. टायर उजवीकडे सरकतात, वरचं वजन होतं तिथेच राहतं, म्हणून गाडी डावीकडे कलते. कलली की पुढचं चाक आपसूक डावीकडे वळतं आणि पडणाऱ्या गाडीला सावरत वळणातून घेऊन जातं. उजवीकडचं ते वळणं इतकं कमी आणि इतक्या थोड्या वेळाचं असतं की डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला मात्र कळतं. वळण संपल्यावर याच्या उलट: उजवी मूठ ढकलली की चाक आणखी थोडं डावीकडे जातं, टायर परत वजनाखाली येतात आणि गाडीचा कल जाऊन ती सरळ होते.

माझ्याकडे एक रिक्षावाले काका येतात. दिवसभर रिक्षा, रात्री मोटरसायकलवर म्हसरूळला घरी. त्यांना विचारलं, रिक्षा डावीकडे घेताना हँडल कुठे फिरवता? "डावीकडे." आणि गाडी? "तीही डावीकडेच, दुसरं काय!" मग त्यांना मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात डावा पंजा उघडा ठेवून, बोटं न आवळता, मूठ नुसती तळव्याने पुढे ढकलून बघायला सांगितलं. उघड्या पंजाने ओढता येत नाही, त्यामुळे आपण नक्की काय केलं याबद्दल शंका राहत नाही. काका परत आले, गाडी स्टँडला लावली आणि बराच वेळ हँडलकडे बघत राहिले. रिक्षाला तीन चाकं, तिला कलायचं नसतं, म्हणून हँडल जिकडे तिकडे रिक्षा. तेच हात रोज रात्री मोटरसायकलवर बरोबर उलटं करत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

यात कमीपणा काहीच नाही. विल्बर राइट, ज्यांनी भावाबरोबर १९०३ मध्ये इंजिनवालं विमान उडवलं, ते मूळचे सायकलवाले, अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं दुकान होतं. त्यांनीही अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे कसे वळता, आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकानेही दिलं नव्हतं. स्वतः बघायचं असेल तर पाऊस उघडल्यावर सायकल डबक्यातून काढा आणि कोरड्या डांबरावर झटकन डावीकडे वळा. मग उतरून ओल्या रेघा बघा. पुढच्या चाकाची रेघ वळणाआधी थोडी उजवीकडे गेलेली दिसेल.

आता गॅरेजमधली गोष्ट, कारण माझा स्वतःचा विश्वास तिथे बसला. अधूनमधून एखादी गाडी येते: "सरळ जात नाही, डुलते, चाकाचा आउट काढा." चाक फिरवून बघतो तर आउट नसतो, म्हणजे चाक वाकडं फिरत नसतं. मग गाडी मेन स्टँडला लावतो, मुलाला मागून दाबायला सांगतो, पुढचं चाक हवेत येतं. एका बोटाने हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेतो. बरोबर मध्यावर बोटाला बारीक खटका लागतो, हँडल खाचेत बसल्यासारखं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग, उघडला की कारण समोर दिसतं. खड्ड्यांचे दणके खाऊन गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात, आणि गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्याने ते सरळ जागेवरच पडतात.

म्हणजे गाडी सरळ चालत असते तेव्हाही हँडल स्थिर नसतं. ते सतत केसाएवढं डावीकडे, केसाएवढं उजवीकडे होत असतं आणि त्यातूनच तोल सांभाळला जातो. खाचेने ती बारीक हालचाल अडवली की चालवणारा जास्त जोर लावतो, हँडल गरजेपेक्षा पुढे जातं, मग परत उलटं, आणि गाडी डुलते. कोनसेट बदलून दिला की तीच गाडी सरळ जाते. तुमच्या गाडीचा कोनसेट कोणी गरजेपेक्षा जास्त आवळला असेल तर ती वळणात सहज कलणार नाही, बाहेरच जाईल. मला तिथे पहिला संशय आहे. घाटाचा विचार करण्याआधी तो बघून घ्या.

यातलं बरंचसं काम गाडी स्वतः करते. सायकल नुसती सीटला धरून ढकला आणि डावीकडे कलवा, हँडल आपोआप डावीकडे वळेल. पुढचं चाक जिथे रस्त्याला टेकतं ती जागा हँडलच्या तिरक्या दांड्याची रेघ जमिनीला मिळते त्याच्या थोडी मागे असते, बहुतेक मोटरसायकलींवर साधारण ८ ते १० सेंटीमीटर. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ढकलल्यावर मागे वळून बसतं, त्यातलाच प्रकार. "फिरत्या चाकाच्या भोवऱ्यामुळे गाडी उभी राहते" असं पुष्कळ जण सांगतात, पण ते अर्धंच आहे. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने उलटं फिरणारं जादा चाक लावून सायकलचा हा भोवरा मारून टाकला, तरी त्याला ती चालवता आली. १९७० मध्ये त्याने ते छापलं.

किती कलायचं हे वेग आणि वळण ठरवतात, वजन नाही. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३६ किलोमीटरने घेतलं तर साधारण २७ अंश कलावं लागतं. तेच ५० ने घेतलं तर जवळजवळ ४५ अंश. कोरड्या डांबरावर चांगला टायरही तिथे जेमतेम पुरतो, आणि बऱ्याच साध्या गाड्यांचं फूटरेस्ट त्या सुमारास रस्त्याला टेकायला लागतं. वेग नुसता १४ ने वाढला आणि गोष्ट इथवर आली, कारण वेग दुप्पट झाला की बाजूला ओढणारा जोर चौपट होतो. मागे बसलेलं माणूस घाबरून वळणाच्या उलट बाजूला कललं तर गाडीला तेवढं जास्त कलावं लागतं. म्हणून वहिनी किंवा आई मागे असतील तर आधीच सांगा, "गाडीबरोबर राहा, वळताना माझ्या खांद्यावरून बघ."

तुमच्यासारखं माझंही झालंय. याच घाटात, गडावरून नांदुरीकडे उतरताना, डावं वळण, आणि समोरून बस. वेग फार नव्हता. मी बसच्या पुढच्या काचेकडे बघत राहिलो आणि पुढचा ब्रेक आवळला. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी कल सोडून ताठ व्हायला बघते, आणि ताठ गाडी सरळ जाते. माझी बसच्या दिशेने निघाली. बसवाल्याने बस त्याच्या कडेला दाबून थांबवली म्हणून वाचलो. मी पडलो, फूटरेस्ट वाकलं, गुडघा सहा आठवडे दुखत होता. त्या वळणात माझी गाडी आणखी कलू शकत होती. डावी मूठ अजून थोडी ढकलायची होती आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकाला न्यायची होती. हे मला माहीत नव्हतं, आणि घाबरल्यावर हात आखडतात, मग हँडल हलतच नाही. जिकडे डोळे खिळतात तिकडेच गाडी जाते, हे तेव्हा अंगावर घेऊन शिकलो.

तेव्हा सराव करा, पण घाटात नाही. अंबड एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशी सकाळचा रिकामा, सरळ रस्ता चालेल. हेल्मेट, ताशी ३५-४०, कोपरं सैल, ब्रेकवर बोट नाही. डावी मूठ हलकेच ढकला आणि सोडा, मग उजवी. झटका द्यायचा नाही, दाब द्यायचा. दहा-बारा फेऱ्यांत हात ओळखायला लागतील. पेठ रोडला आरटीओत लायसन्ससाठी आठचा आकडा काढला होतात, त्याच्याशी याची गल्लत करू नका. तिथे वेग चालण्याइतका असतो: पहिला गिअर, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, हँडल वळणाच्या बाजूला, आणि गाडी आत कलली तरी अंग सरळ. उलटी ढकल तिथेही असते, पण इतकी बारीक की तिच्यावर लक्ष ठेवण्यात अर्थ नाही.

घाटात वेग वळणाच्या आधी, गाडी कलण्यापूर्वीच कमी करा. मग मूठ ढकला, नजर वळणाच्या शेवटावर ठेवा आणि अॅक्सिलरेटर हलका, एकसारखा. पावसात आणि द्राक्षांच्या हंगामात, ट्रॅक्टरची चाकं रस्त्यावर माती आणतात तेव्हा, दिंडोरीपासून पुढे वेग आणखी उतरवा आणि पांढऱ्या पट्ट्यावर कललेली गाडी नेऊ नका. पहिल्या खेपेला मागे कोणाला बसवू नका. आणि वणीला थांबून टायरची हवा बघा. पुढच्या टायरला हवा कमी असली तरी हँडल जड होतं आणि गाडी अशीच बाहेर जाते.