निवडणूक पद्धती शिकताय? सुरुवात इथून करा

छान विषय निवडलात! आधी एकच सवय लावा: निकालाआधी मतपत्रिका पाहा. आपल्याच देशात एकच मतदार दोन पद्धतींनी मत देतो. लोकसभेला यंत्रावरचं एक बटण दाबायचं आणि ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मात्र कागदी मतपत्रिका आणि केंद्रावरचा जांभळा स्केचपेन मिळतो. नावासमोर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. इथे 1000 वैध मतं असतील तर कोटा, म्हणजे विजयासाठी ठरलेला मतांचा आकडा, 501.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सवयीने बरोबरची खूण करणं. मत बाद होतं, आणि सुशिक्षितांची अशी मतं वाया जाताना पाहून जीव तुटतो.
- विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहणं. पदवीधरांची यादी वेगळी असते, तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.
- राज्यसभेला साधं बहुमत लावणं. 288 आमदार, 6 जागा, तर एका जागेला साधारण 42 मतं पुरतात.

उरलेल्या मतांचं हस्तांतर, म्हणजे विजयी उमेदवाराची कोट्यावरची जादा मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाणं, सध्या बाजूला ठेवा. आधी पाच उमेदवार आणि वीस चिठ्ठ्या घेऊन घरीच मोजणी करून बघा.