घुमणारी खोली, शेजारचा माग आणि तळ्यापलीकडचा भोंगा

प्रश्न : जुळे सोलापुरात शिकवणीचा वर्ग चालवतो. खोली ३० बाय २० फूट, उंची ११ फूट. खाली व्हिट्रिफाइड फरशी, भिंतींना ऑइलपेंट. मागच्या बाकांवर शब्द नीट कळत नाहीत. माइक घेतला तर गोंधळ आणखी वाढतो. भिंतीला सोलापुरी चादरी लावल्या तर भागेल का?

माइकने गोंधळ वाढणारच. तुमचा आवाज कमी पडत नाहीये, तो लवकर मरत नाहीये. एक शब्द खोलीत फिरत असतानाच दुसरा त्यावर चढतो.

गुळगुळीत फरशी, रंगवलेला गिलावा आणि स्लॅब त्यांच्यावर पडणाऱ्या आवाजापैकी जेमतेम दोन टक्के गिळतात, बाकीचा परत फेकतात. आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांचा हिशोब सोपा आहे : खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग गिळतो तो, आणि या सगळ्यांची बेरीज). तुमची खोली साधारण ९ × ६ × ३.३ मीटर, म्हणजे १७८ घनमीटर. दारे-बाके धरून शोषण ६ चौरस मीटरच्या आसपास. रिकाम्या खोलीत आवाज विरायला पावणेपाच सेकंद लागतील. तीस मुले बसली की माणशी ०.४ प्रमाणे शोषण १८ वर जाते आणि वेळ १.६ सेकंदावर येतो. शिकवण्यासाठी ०.७ सेकंद हवा, म्हणजे एकूण ४१ चौरस मीटर शोषण. तूट २३ ची.

ती पॅनेलने भरा. दोन इंची लाकडी चौकट, आत ५० मिलिमीटर जाडीचा, ४८ किलो घनतेचा ग्लासवूल किंवा रॉकवूलचा स्लॅब, वरून सुती मांजरपाट. चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे बसवा. मागची पूर्ण भिंत (सुमारे २० चौरस मीटर) आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कानाच्या उंचीला मिळून ९ चौरस मीटर, पॅनेल आवाजाचा ०.८ भाग गिळते असे धरले तर गणित जुळते. फळ्यामागची भिंत आणि छताचा मधला भाग मात्र तसाच ठेवा. तिथून परतणारा आवाज लगेच पोचतो आणि शेवटच्या बाकाला उपयोगी पडतो. स्लॅब कापताना हातमोजे आणि मास्क घाला. कापड लावण्याआधी तोंडाने फुंकून बघा : हवा आरपार गेली तर आवाजही आत जाईल. रेक्झिन लावले किंवा पुढच्या दिवाळीत कापडावर रंग मारला की सगळा खर्च वाया.

आता चादरी. भिंतीला ताणून ठोकलेली चादर फक्त ‘स’, ‘श’ असले वरच्या पट्टीतले आवाज खाते. भिंतीला टेकलेली हवा हलूच शकत नाही आणि कापड तर हलत्या हवेलाच अडवते. हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर : १००० हर्ट्झसाठी साडेआठ सेंटिमीटर, ५०० हर्ट्झसाठी १७. म्हणून जाड चादर दुप्पट चुण्या घालून, भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर पुढे दांडीवर टांगली तर चांगला फरक पडतो. तरी खालचे घुमणे राहतेच, कारण १२५ हर्ट्झचा पाव तरंग ६९ सेंटिमीटरचा असतो.

टाळी वाजवून ‘टर्र’ असा आवाज येत असेल तर तो समोरासमोरच्या दोन भिंतींचा खेळ आहे. सहा मीटरच्या अंतरात आवाज सेकंदाला २८ हेलपाटे घालतो. दोनांपैकी एकच भिंत झाकली की तो थांबतो. पुस्तकांचे उघडे कपाटही चालते. टेक्स्चर पेंटने मात्र काही होत नाही. १००० हर्ट्झच्या ३४ सेंटिमीटर लांब लाटेला तीन मिलिमीटरचा खडबडीतपणा जाणवतसुद्धा नाही.

प्रश्न : अशोक चौकाजवळ घर आहे. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. आमच्या बाजूने थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवले, फरक शून्य. असे का?

आवाज गिळणे वेगळे आणि अडवणे वेगळे. अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. थर्मोकोलला ना वजन, ना उघडी छिद्रे. तो दोन्हीकडून नापास. ट्रेचा कागद थोडेसे खाईल, पण अडवणार काहीच नाही, शिवाय आग लागली तर भडकेल. आजच काढून टाका.

नऊ इंची वीटभिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर सुमारे ५० डेसिबल अडवते. म्हणजे गळती बहुधा दुसरीकडे आहे. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट उघडे राहिले की ५० ची भिंत २० वर येते. व्हेंटिलेटर, एसीच्या पाइपाचे भोक, भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट आधी सिमेंटने बुजवा. खिडकीला रबरी पट्टी लावा आणि आतून चार इंच सोडून दुसरी काच बसवा. पहिली ३ मिलिमीटरची असेल तर दुसरी ६ ची घ्या. दोन्ही सारख्या असल्या तर एकाच सुरावर दोघी कमजोर पडतात.

मग भिंतीला तळहात टेकवा. धोट्याचा प्रत्येक ठोका हाताला लागत असेल तर आवाज हवेतून नाही, जमिनीतून आणि इमारतीच्या पायातून येतो आहे, आणि तुमच्या बाजूने काहीही चिकटवले तरी जाणार नाही. इलाज मागाच्या पायाखाली : प्रत्येक पायाला मागाच्या वजनाला साजेसा रबरी पॅड आणि जमिनीत घट्ट आवळलेले बोल्ट मोकळे करणे. मालकांशी आधी गोडीने बोला. २००० सालच्या ध्वनी नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, ती ठाऊक असलेली बरी.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेतला (सोलापूरच्या सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) भोंगा रात्री सिद्धेश्वर तळ्याच्या अलीकडे इतका स्पष्ट कसा येतो? दिवसा तर येत नाही.

कारणे दोन. हवेतून पाण्यावर पडलेल्या आवाजातला हजारातला एकच भाग आत शिरतो, बाकीचा परततो. गवत आणि भुसभुशीत माती मात्र बराच खातात. दुसरे म्हणजे जानेवारीच्या रात्री तळ्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो (अंशामागे सेकंदाला ०.६ मीटर), त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून खाली येतो. दुपारी जमीन तापलेली असते, तेव्हा तो उलटा वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो.

प्रश्न : विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी अनेकदा ऐकू येते, पण आमच्या कार्यालयाच्या हॉलमध्ये नुसता गोंगाट. दोन्हीकडे दगड-चुनाच ना?

फरक अंतराचा आहे. घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद. सज्जात भिंतीपाशी टाळी वाजवली की आवाज समोर जाऊन ७६ मीटरचा फेरा करून ०.२२ सेकंदाने परततो. कानाला दोन आवाज वेगळे कळायला अंदाजे ०.१ सेकंद पुरतो, म्हणून प्रत्येक फेरी सुटी मोजता येते. सज्जातली कुजबुज समोरच्या बाजूला पोचते ती वेगळ्या वाटेने : आतून गोल भिंतीला घासत, पुन्हा पुन्हा परतत ती पुढे सरकते, त्यामुळे मोकळ्या हवेतल्यासारखी चहूकडे विखुरत नाही. तुमच्या हॉलमध्ये भिंती १७ मीटरपेक्षा जवळ असतील तर परतलेले आवाज एकमेकांवर चढतात. तिथे पहिल्या प्रश्नातला हिशोब मांडा, फक्त माणसे भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही वेळांचा.