वाक्य कोणाचे, लेखकाचे की पात्राचे?

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणींनी चार वर्षांपूर्वी एक वाचक मंडळ सुरू केले. महिन्याला एक मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह ठरवायचा आणि शेवटच्या रविवारी ऑनलाइन जमून त्यावर बोलायचे, असा आमचा क्रम आहे. मधल्या दिवसांत व्हॉट्सअॅपच्या गटावर बोलणे चालूच असते. गेल्या महिन्यात एका सदस्याने चालू कादंबरीच्या अर्ध्या पानाचा फोटो टाकला. त्यात गावचा एक जमीनदार आपल्या सालगड्याविषयी जातीवरून अत्यंत हीन बोलतो. बघता बघता आरक्षणापासून आंतरजातीय विवाहापर्यंत वाद पेटला, तिघे गट सोडून गेले आणि रविवारची बैठक झालीच नाही. वादग्रस्त सामाजिक विषयांवरची पुस्तके यापुढे घेऊच नयेत, असे आता काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुस्तके जरूर घ्यावीत. बंदच करायचे असेल, तर अर्ध्या पानांचे फोटो टाकणे बंद करावे. वाद पेटला त्या संध्याकाळी आपल्या गटातील किती जण त्या पानापर्यंत पोहोचले होते, हे आपण लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की, निम्मेही नसावेत.

अडचण केवळ अपुऱ्या वाचनाची नाही. आधुनिक मराठी कथात्म लेखनात निवेदकाचा आवाज आणि पात्राचा आवाज यांच्यामधली भिंत पुष्कळदा मुद्दाम पातळ ठेवलेली असते. मी येथे दोन वाक्ये रचून दाखवतो : ‘सून अजून उठली नव्हती. नोकरी करणाऱ्या बाईच्या हाताला कुठली आलीय चव.’ यातले पहिले वाक्य निवेदकाचे आहे. दुसरे सासूच्या मनातले आहे; परंतु त्याला अवतरणचिन्ह नाही, ‘असे तिला वाटले’ अशी शेपटीही नाही. छापील पानावर दोन्ही एकाच टायपात, एकाच ओळीत बसलेली असतात. कादंबरी सुरुवातीपासून वाचणाऱ्याला या सासूचा स्वभाव आणि तिची भीती ठाऊक असल्यामुळे त्याचा गोंधळ होत नाही. फोटोत मात्र नेमके दुसरे वाक्य येते, आणि लेखक स्त्रियांच्या नोकरीविरुद्ध आहे असा निकाल पाच मिनिटांत लागतो.

निवेदन प्रथमपुरुषी असेल, तर हा घोटाळा आणखी वाढतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हा पंचविशीतला, पुण्यातले शिक्षण अर्धवट टाकून गावी परतलेला तरुण आहे. त्याची जगाविषयीची तुच्छता ही जणू नेमाड्यांचीच अधिकृत भूमिका असावी, अशा थाटात आजही वाद घातला जातो. त्याच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द स्वतःच्याच बोलण्यावर त्याचा पुरता विश्वास नसल्याची खूण आहेत, हे त्या वादात हरवते. (मी स्वतः विद्यार्थिदशेत सांगवीकराची मते नेमाड्यांच्या नावावर खपवून एक वक्तृत्वस्पर्धा जिंकलो होतो. परीक्षकांनीही हरकत घेतली नाही.)

तुकडा आणि पूर्ण कृती यांतला हा फरक न्यायालयांपर्यंतही गेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना निर्दोष सोडले. आक्षेप घेतलेले उतारे वेगळे काढून न पाहता संपूर्ण कथा वाचून निर्णय केला पाहिजे, अशी त्या निकालामागची दृष्टी होती. कथेच्या वाङ्मयीन दर्जाविषयी न्यायमूर्तींचे मत फारसे चांगले नव्हते, तरीही त्यांनी ती वाचली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांचा अनुभव अलीकडचा आहे. तिरुचेंगोडच्या पार्श्वभूमीवर एका निपुत्रिक जोडप्याची गोष्ट सांगणारी त्यांची कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले ते मात्र २०१४च्या अखेरीस, आणि जानेवारी २०१५मध्ये आपल्यातला लेखक मेला असल्याचे त्यांनी फेसबुकवरून जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१६मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर ते पुन्हा लिहू लागले. मधली चार वर्षे हीच कादंबरी शांतपणे वाचली जात होती.

आता दुसरी बाजू. ‘ते तर पात्र बोलते आहे’ एवढे म्हटले की लेखक सुटला, असे मात्र कोणी समजू नये. गट सोडून गेलेल्या तिघांपैकी एखाद्याला खरोखरच काही दिसले असण्याची शक्यता आहे. आपल्या कादंबरीतल्या जमीनदाराला पानेच्या पाने बोलू दिले आहे. त्या सालगड्याला किती वाक्ये मिळाली आहेत? त्याला नाव आहे, की तो शेवटपर्यंत नुसता ‘गडी’ आहे? त्याच्या घराच्या आत निवेदक एकदा तरी जातो, की त्याला केवळ वाड्याच्या ओट्यावरूनच पाहतो? सगळे चटपटीत, लक्षात राहणारे संवाद एकाच बाजूला गेले असतील आणि दुसरी बाजू मुकी असेल, तर लेखकाला धारेवर धरायला माझी काहीच हरकत नाही. फक्त तो आरोप पुस्तकाच्या रचनेवर असावा आणि त्यासाठी पुस्तक वाचलेले असावे. असा आरोप फोटोतून सिद्ध होत नाही, त्याला पाने मोजावी लागतात.

व्यवहारात एवढे करून पाहावे. कोणी उतारा टाकला, तर त्यासोबत पृष्ठ क्रमांक द्यावा आणि कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे दोन ओळींत लिहावे. ज्यांना या ओळी लिहिता येणार नाहीत, त्यांनी पुस्तक वाचलेले नाही हे आपोआप उघड होईल. आरक्षणासारख्या प्रश्नावर वाद घालायचा असेल तर अवश्य घालावा, पण त्यासाठी वेगळा रविवार ठेवावा आणि त्या दिवशी कादंबरीला साक्षीदार म्हणून ओढू नये. काल्पनिक जमीनदार पुरावा म्हणून फारच कच्चा असतो. गेलेल्या तिघांना गटावर जाहीर निमंत्रण न देता आपण स्वतः फोन करावा.

प्रश्न : सामाजिक प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर अहवाल, लेख, मुलाखती वाचता येतात. मग त्याच प्रश्नावरची कथा-कादंबरी वाचण्यात वेळ का घालवावा?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : माहितीसाठी वाचत असाल, तर घालवू नये. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील शीर्षककथा घ्या. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात उघड करत नाही. जात पाहून घर नाकारले जाते, हे एका ओळीत सांगता येते आणि ती ओळ आपल्याला पाठ आहे. कथा मात्र वाचकाला त्या तरुणाबरोबर खोलीत नेऊन बसवते. घरची माणसे आदराने वागवतात तसतशी आपली धडधड वाढत जाते, कारण त्यांना ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असते. माणूस चांगला वागतो आहे तो केवळ अज्ञानामुळे, ही जाणीव मला आजवर कोणत्याही अहवालाने करून दिलेली नाही. आपण अहवालही वाचावेत; फक्त एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

प्रश्न : आमच्या काळी एखाद्या पुस्तकावरून वाचक असे हातघाईवर येत नसत. हा सारा मोबाइलचा परिणाम नव्हे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या काळाविषयी आदर राखून सांगतो की, असे म्हणता येणार नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनातली घुसमट इतक्या उघडपणे लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला होता. या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. लिहिणारी बाई आहे की बाईच्या नावाआडचा पुरुष, इथपासून लोकांना उत्सुकता होती. म्हणजे मजकुरापेक्षा लिहिणाराचा ठावठिकाणा महत्त्वाचा मानण्याची सवय आपल्याला फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मोबाइलने वेग वाढवला, हे मान्य. पूर्वी संतापलेल्या वाचकाला कागद काढावा लागे, पत्र लिहावे लागे, तिकीट लावून ते पेटीपर्यंत न्यावे लागे. त्यातली बरीच पत्रे वाटेतच बारगळत असावीत. आमच्याकडे येणारी पत्रे अजूनही पोस्टानेच पाठवणाऱ्या मोजक्या वाचकांपैकी आपण एक आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.