वाचकांचे प्रश्न : गच्चीवरची वायर आणि वैशाखाचे ऊन

प्रश्न : आमच्या दुमजली घराचे बांधकाम चालू आहे. दिवाणखाना आणि दोन खोल्यांसाठी साडेपाच टनांचा थ्री-फेज डक्टेबल (नळ्यांमधून खोल्यांत थंड हवा सोडणारा) एसी घेण्याचे ठरले असून बाहेरचे युनिट गच्चीवर बसेल. आमचे वायरमन म्हणतात की, 4 एमएमची (4 चौरस मिलिमीटर छेदाची) वायर 28 अँपिअर पेलते आणि मशीन 13 च्या वर जात नाही, तेव्हा तीच पुरे. विक्रेत्याचा तंत्रज्ञ मात्र 6 एमएमचा आग्रह धरतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्या वायरमनने सांगितलेला आकडा बरोबर आहे, पण तो भुसावळच्या गच्चीचा नाही. पाइपातून नेलेल्या साध्या पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या वायरींसाठी तक्त्यात 28 अँपिअर दिलेले असतात, ते भोवतालचे तापमान 30 अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या आसपास असतो. उन्हात तापलेल्या स्लॅबवरच्या पाइपात 55 अंश धरणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. त्या तापमानाला तक्त्यातील आकड्याला 0.61 ने गुणावे लागते, म्हणजे 28 चे 17 होतात.

17 हे 13 पेक्षा जास्तच आहेत, असे आपले वायरमन यावर म्हणतील. परंतु वायरची निवड मशीनच्या करंटवर थांबत नाही, ती एमसीबीपर्यंत, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचपर्यंत, जाते. एवढ्या मशीनला, ऐन उन्हाळ्यातला वाढीव भार धरून, बहुधा 20 अँपिअरचा एमसीबी बसतो, आणि वायर 17 च पेलत असेल तर मधल्या 3 अँपिअरच्या पट्ट्यात एमसीबी शांत राहतो व वायर तापत राहते. 6 एमएमच्या वायरला हाच हिशेब लावला तर 36 चे सुमारे 22 उरतात आणि एमसीबी वायरच्या आधी पडतो. म्हणून तंत्रज्ञाचे ऐकावे. एमसीबी ‘सी’ प्रकारचा घ्यावा. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो आणि त्या झटक्याने ‘बी’ प्रकारचा एमसीबी विनाकारण पडू शकतो. मशीनच्या पाटीवर कमाल करंट छापलेला असतो, तो पाहूनच शेवटचा निर्णय करावा.

ही लाइन मेन बोर्डापासून थेट आणि स्वतंत्र न्यावी. वरच्या मजल्यावर गीझरसाठी आलेल्या बोर्डातून फाटा काढू नये. तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा पाचही तारा 6 एमएमच्याच असाव्यात. थर्मोस्टॅटची बारीक वायर वेगळ्या पाइपातून न्यावी. गच्चीवरचा पाइप शक्यतो कठड्याच्या सावलीच्या बाजूने, जमिनीपासून थोडा उचलून न्यावा, कारण पापड-कुरडयांच्या दिवसांत आपल्याकडची गच्ची ही घरातली सर्वांत वर्दळीची खोली असते आणि वाळवणाच्या खाटेचा पाय पाइपावर यायला वेळ लागत नाही. युनिटच्या शेजारी, हाताला येईल असा, पाणी न शिरणाऱ्या पेटीतला आयसोलेटर (युनिटचा पुरवठा तिथेच तोडणारा स्विच) बसवावा, म्हणजे दुरुस्तीला आलेला माणूस खाली कोणी बटण दाबेल या धास्तीत राहणार नाही.

बहुतेक वेळा जळते ती वायर नव्हे, तिचे टोक. सोललेल्या तारा पिळून स्क्रूखाली दाबल्या की त्यांतल्या काहीच पकडल्या जातात. स्क्रू रोज तापतो, थंड होतो, हळूहळू सैल पडतो, आणि एके दुपारी लाल वायरचे आवरण टोकाशी तपकिरी पडलेले व खरपूस वास येत असलेला आढळतो. प्रत्येक टोकाला तांब्याचे लग (वायरच्या टोकावर चढवायची टोपी) ते दाबून बसवण्याच्या खास क्रिंपिंग हत्यारानेच बसवून घ्यावे, साध्या पक्कडीने चेपून नव्हे. पहिल्या महिन्यानंतर पुरवठा बंद करून सर्व स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.

तापीकाठची काळी माती चैत्रात भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरते, तेव्हा खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत जावे. थ्री-फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार यांसाठी महावितरणकडे अर्ज मशीन येण्यापूर्वीच करावा.

प्रश्न : परवा गल्लीतल्या डीपीवर काम झाले आणि तेव्हापासून आमचा डक्टेबल एसी सुरूच होत नाही. फॅन फिरतो, परंतु कॉम्प्रेसर लागत नाही. मशीन बिघडले असेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : वीज आल्यावर पहिली तीन-एक मिनिटे कॉम्प्रेसर मुद्दामच थांबवलेला असतो, पण आपले प्रकरण त्याच्या पुढचे दिसते. घरी थ्री-फेजवरचा बोअर असेल तर त्याचे पाणी पहिल्यासारखे येते का, हे पाहावे. पंप चालू असूनही पाणी एकदम कमी झाले असेल, तर काम करताना दोन फेजची अदलाबदल झाली आहे आणि मोटार उलटी फिरते आहे. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खराब होतो, म्हणून फेजचा क्रम पाहणारा रिले त्याला अडवून धरतो. म्हणजे मशीन बिघडलेले नसून शहाणपणाने वागते आहे. तो रिले काढून थेट जोडणी करून देणारे लोक भेटतील, त्यांना नकार द्यावा. एखादी फेजच गायब असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी तिन्ही फेज मीटरने तपासून घ्याव्यात. क्रमच बदललेला निघाला, तर महावितरणला कळवून, परवानाधारक वायरमनकडून मेन स्विच बंद करून त्या स्विचच्या घराकडच्या बाजूच्या कोणत्याही दोन फेज बदलून घ्याव्यात. ही बदलाबदल एसीपाशी करू नये, नाहीतर एसी चालेल आणि बोअर उलटाच राहील.